ताटासारखं घासलेलं रिव्हॉल्वर

अजीज कल्हईवाला भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागून कुणी म्हणायला नको, की मी त्याला शूरवीर करून दाखवला. कुत्रं भुंकलं की हा रस्ता बदलायचा. पोस्टमननं हाक मारली की पत्र घेण्याआधी 'काय झालं?' म्हणून विचारायचा. आणि खाकी कपडा दिसला की भांड्यांच्या ढिगाआड सरकायचा. खाकी कपड्याचं कारण मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या कुठल्याशा मेसेजवरून पेठ तीन दिवस बंद राहिली, तेव्हा त्याच्या पुतण्याला, शाहरुखला, चौकशीला म्हणून नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. पोरानं काही म्हणजे काही केलेलं नव्हतं, त्याचा मोबाईलसुद्धा महिनाभर बिघडून पडलेला होता. पण तेवढ्या काळात अजीज जो घाबरला, तो घाबरलेलाच राहिला.

आजोबांच्या वेळेपासून तिसगावात यांचं कल्हईचं काम. पितळेची भांडी गेली, कल्हई गेली, नाव तेवढं मागं उरलं. आता दुकानात स्टीलची भांडी घासून चकचकीत करायची आणि त्यावर नावं घालायची. पॉलिश अजीज करायचा, नावं त्याची बायको गौहर घालायची, कारण तिचा हात हलत नसे. 'चि. सौ. कां.' पासून 'कै.' पर्यंत गावातल्या तीन पिढ्यांची नावं तिनं ताटा-तांब्यांवर कोरली होती. भांडी विकली गेली, वाटण्या झाल्या, की तीच नावं अजीज घासून काढायचा. नवराबायकोचा असा तो उलटासुलटा धंदा होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बनाबाई कमरेवर हंडा घेऊन दुकानात आली. साठीची बाई, अंगानं वाळकी, पण चालणं झपाट्याचं. कल्याणदादांच्या घरी वीस वर्षं धुणीभांडी करत आलेली. तिचा नवरा रंभाजी दादांच्याच खडी क्रशरवर कामाला होता. तो गेल्यावर दादांनी वाड्यामागची एक खोली तिला राहायला दिली. ती खोली सोडून जगात तिला दुसरं छप्पर नव्हतं. अजीजच्या घरचा आणि तिचा घरोबा जुना. पेठ बंद होती त्या तीन दिवसांत मागच्या दारानं दूध आणून देणारी हीच बाई. तेव्हा बाकीच्यांना अजीजचं दार ठाऊक नसल्यासारखं झालं होतं.

तिनं हंडा ठेवला, मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, आणि न बोलता दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. मग हंड्यातनं टॉवेलाची एक गुंडाळी काढून अजीजच्या मांडीवर ठेवली. टॉवेल उलगडला आणि अजीज ताडकन उठला, तशी ती वस्तू गौहरच्या पायाशी पडली. स्टीलचं रिव्हॉल्वर होतं.

"मावशी, अगं काय आनलंस हे?"

"दादांचं हाय," बनाबाई म्हणाली. "स्टीलचंच हुतं रे अजीज. मी आपलं ताटासारखं घासलं."

मग तिनं जे सांगितलं ते असं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, हा दादांच्या घरचा रिवाज. दादांनी काल रात्रीच रिव्हॉल्वरातल्या सहाच्या सहा गोळ्या बनाबाईच्या डोळ्यांदेखत काढून कपाटात कुलूपबंद केल्या. रिव्हॉल्वर देवघरापुढच्या टोपलीत कोयते, विळे, क्रशरचे पाने यांच्या शेजारी ठेवलं, आणि सकाळी शेवगावला गेले. जाताना बायकोला, म्हणजे वहिनींना, म्हणाले, टोपलीतलं सगळं स्वच्छ करून ठेवा. वहिनींचे नवरात्राचे उपास चाललेले, अंगात त्राण नाही. त्यांनी टोपली बनाबाईपुढं सरकवली. बनाबाईनं कोयते घासले, विळे घासले, पाने घासले, आणि त्याच ओघात तारेची घासणी आणि मूठभर पावडर घेऊन रिव्हॉल्वरही घासलं. नळाखाली धरून धुतलं, पदरानं पुसलं, उन्हात धरलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. एका अंगाला गोल गोल ओरखडेच ओरखडे.

आता दादांचं सांगायला हवं. माणूस तसा देवाधर्माचा, चारचौघांत दादा म्हणावा असा. पण जीपला बाभळीची फांदी घासली म्हणून त्यांनी ड्रायव्हरला भर चौकात चपलेनं मारून त्याच दिवशी बिऱ्हाडासकट हाकलला होता. ती जीप होती. हे रिव्हॉल्वर तर ते दर रविवारी ओसरीत बसून, मऊ फडक्यानं, लेकराचं नाक पुसावं तसं पुसायचे. पाच वाजेपर्यंत ते परत येणार होते.

"ओरखडे न्हाई गेले, तर माजी खोली गेली," बनाबाई म्हणाली. रडली नाही. रडली असती तर अजीजला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

अजीज नाही म्हणालाच. एकदा नाही, चारदा. भांडी घासतो तो, बंदुका नाही. त्याच्या दुकानात रिव्हॉल्वर, हे नुसतं कुणी पाहिलं तरी काय होईल? कुणाचं आहे, कशाला आलंय, हे कोण विचारत बसणार? अजीजकडं पिस्तूल सापडलं, एवढंच गावभर होईल आणि तेवढंच उरेल. त्यानं हे सगळं धडाधड बोलून दाखवलं. बनाबाईला ते सगळं पटलं. ती टॉवेल गुंडाळायला लागली. म्हणाली, तुझं बी खरंच हाय बाबा.

तेव्हा गौहर मध्ये पडली. ती बाई मोजकं बोलायची. ती म्हणाली, ही आत आलेली पेठेनं पाहिली आहे. आता हंडा तसाच घेऊन लगेच बाहेर पडली तर चार जण विचारतील, काम का नाही झालं. त्यापेक्षा काम करून पाठवलेलं बरं. आणि खालच्या आवाजात तिनं दुधाच्या त्या तीन दिवसांची आठवण दिली. अजीजनं कपाळाला हात लावला. आणि खरं सांगू का, तो तयार झाला तो उपकाराच्या आठवणीनं नव्हे. ती वस्तू दुकानातून लवकरात लवकर बाहेर जायची असेल तर काम उरकणं हाच जवळचा रस्ता, एवढंच त्याच्या घाबऱ्या डोक्याला कळलं.

शटर अर्धंच ठेवलं, कारण पूर्ण ओढलं तर लोक विचारणार. गौहर पुढं नावं घालायचं मशीन घेऊन बसली. बनाबाई तिच्या शेजारी, दारात, रस्त्याकडं तोंड करून. अजीज आत वाळूच्या बादलीपाशी बसला आणि रिव्हॉल्वरचं तोंड वाळूत खुपसून त्यानं ते दोन बोटांनी धरलं. गोळ्या नाहीत हे त्याला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, तेव्हा बनाबाई म्हणाली, म्या सहा मोजल्या, आता काय शपथ घेऊ? तरी त्यानं तोंड वाळूतून काढलं नाही.

पण हात कामाला लागले की डोकं थोडं निवतं. शेवटी अजीजनं ते वाळूतून काढलं आणि फडक्यानं पुसून ते स्टील उजेडात नीट पाहिलं. एक गोष्ट त्याला पाहताक्षणीच कळली. हे आरशासारखं स्टील नव्हतं. त्यावर मुळातच बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं, नळीच्या लांबीनं गेलेल्या. बनाबाईनं घासलं होतं गोल गोल, ताटाचा तळ घासतात तसं. मशीनच्या चाकावर धरलं असतं तर ओरखडे मिनिटभरात गेले असते, पण ती जागा लखलखीत झाली असती आणि बाकीचं रिव्हॉल्वर मंद राहिलं असतं. म्हणजे दादांना आंधळ्यानंही दाखवून दिलं असतं. तेव्हा हातानंच काम करायचं, आणि ज्या दिशेच्या रेघा त्याच दिशेनं, एकदाही आडवं न जाता.

त्यानं लाकडाची एक सपाट पट्टी घेतली, तिला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर गुंडाळला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि लांबीनं एकेक हात ओढायला लागला. ओढायचं, उचलायचं, परत पहिल्या जागी न्यायचं, ओढायचं. मागं-पुढं घासायचं नाही. दर दहा हातांनंतर पुसायचं आणि उजेडात तिरकं धरून पाहायचं. गोल ओरखडे हळूहळू विरत चालले. काम चांगलं होतंय हे बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही भीती वाटली.

मग तो नंबरापाशी आला. घोड्याच्या खाली, सपाट जागेवर, बारीक आकड्यांत नंबर ठोकलेला होता. बनाबाईचे दोन-तीन ओरखडे थेट त्या आकड्यांवरून गेले होते. अजीजनं हात उचलला. वीस वर्षं त्यानं लोकांची नावं घासून काढली होती. अक्षर कसं बुजतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आधी कडा मऊ पडतात, मग बारीक रेघ जाते, आणि मग नाव होतं की नव्हतं हेही कळत नाही. भांड्यावरचं नाव गेलं तर कुणाचं काही जात नाही. रिव्हॉल्वरचा नंबर बुजला तर माणूस आत जातो, एवढं त्या भित्र्यालाही ठाऊक होतं. त्यानं गौहरकडून चिकटपट्टी मागून घेतली, नंबरावर नीट दाबून बसवली, आणि त्या पट्टीच्या काठापर्यंतच हात नेला. आकड्यांवरचे ओरखडे तसेच राहू दिले.

तेवढ्यात बनाबाई खाकरली. पेठेत बंदोबस्ताची गाडी आली होती. मोहट्याला देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी होती, त्यामुळं गाडी मुंगीच्या चालीनं निघाली होती, आणि नेमकी दुकानापुढं येऊन थांबली. एक हवालदार खाली उतरला. अजीजला काही सुचलं नाही, म्हणून त्यानं रिव्हॉल्वर खाली ठेवलं आणि त्यावर फतकल मारून बसला. हवालदारानं समोरच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली, सुटे पैसे शोधले, पाणी प्यायला, मोबाईल पाहिला. गौहर कुणाच्या तरी तांब्यावर नाव कोरत राहिली, मशीनचा किर्र आवाज एकदाही थांबला नाही. गाडी गेली तरी अजीज उठेना. शेवटी बनाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

तीनच्या आत काम झालं. नंबरावरची पट्टी काढली, तेलाचा हात फिरवला, कोरड्या फडक्यानं पुसलं. आकड्यांवरचे ते दोन-तीन ओरखडे सोडले तर बोट ठेवायला जागा नव्हती. बनाबाईनं त्याच्याकडं पाहून हात जोडले आणि हंडा कमरेवर घेऊन आली तशी झपाझप गेली. अजीजनं वापरलेला पेपर आणि चिकटपट्टी मोरीपाशी नेऊन जाळून टाकली.

खंडेनवमी गेली, दसरा गेला. बनाबाई येताजाता दुकानाकडं पाहून मान हलवायची, म्हणजे सगळं ठीक. अजीजच्या घशाखाली घास उतरायला लागला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुकानापुढं जीप थांबली आणि कल्याणदादा स्वतः आत आले. स्टूल ओढून बसले. घरच्यांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलले, गौहरला चहा टाकायला सांगितला. अजीज हात बांधून उभा. दादांनी चहाचा घोट घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "काम झकास केलंस. पन नंबरापाशी चिकटपट्टीचा डिंक राह्यला की रं."

अजीज दादांचे पाय धरायला वाकला. दादा हसले. त्यांनी सांगितलं की रविवारी पुसताना डिंक बोटाला लागला तेव्हाच त्यांनी ओळखलं. तिसगावात स्टीलला असा हात लावणारा दुसरा आहेच कोण? मग बनाबाईकडं नुसतं पाहिलं, तिचा चेहरा पुरेसा होता. पण आपण रागावलेलो नाही, असं ते म्हणाले. माणसाच्या हातात एवढी कला असेल तर रागवायचं कशाला?

"बनाबाईला म्या काई बोललो न्हाई," दादा म्हणाले. "बोलनार बी न्हाई. खोली तिचीच हाय. तू तेवढा आपला मानूस ऱ्हा, म्हंजे झालं."

त्यांनी पाठीवर थाप मारली आणि गेले. अजीजला वाटलं, सुटलो. गौहरला तसं वाटलं नाही. चहाची कपबशी उचलताना ती म्हणाली की चपलेनं मारणारा माणूस थाप मारून गेला, हे काही मला बरं दिसत नाही. अजीज तिच्यावरच चिडला. घाबरट माणसाला शंका काढणाऱ्याचा भारी राग येतो.

पुढच्या आठवड्यात दुपारी बाराला एक माणूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा. तिसगावचा नव्हता, पण बोलण्यावरून आसपासचाच वाटत होता. दादांनी पाठवलंय, म्हणाला. त्यानं डब्याचं खालचं पूड उघडून अजीजपुढं ठेवलं. त्यात स्टीलचं पिस्तूल होतं. हलके ओरखडे आहेत, म्हणाला, तेवढे काढून द्या. अजीजनं वाकून पाहिलं. ओरखडे कुठंच नव्हते. स्टील नव्यासारखं होतं.

"कुठं हायेत ओरखडे?" अजीजनं विचारलं.

त्या माणसानं नंबरावर बोट ठेवलं. "ह्योच ओरखडा धरा."

अजीजनं कसंबसं म्हणून पाहिलं की दादांचं लायसन आहे, तुमचंही असेल ना? आणि नंबराचं काम आपण करत नाही, दादांचंही केलं नव्हतं. तो माणूस चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि म्हणाला, "दादा बोललेच हुते, मानूस लई भित्रा हाय. म्हनूनच तर तुमच्याकडं धाडलं. भित्रा मानूस तोंड उघडत न्हाई." मग जाता जाता सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की काम झालं नाही तर दादांना तसा फोन करीन. त्या म्हातारीच्या खोलीचं काहीतरी म्हणत होते ते. मोहट्याला दर्शन करून येतो, सहापर्यंत डबा तयार ठेवा. आणि डबा तिथंच ठेवून तो निघून गेला.

आता अजीजची अवस्था काय झाली ते काय सांगू? एका डब्यात त्याचं सगळं आयुष्य येऊन बसलं होतं. नंबर घासावा, तर हे पहिलं काम आणि याच्यामागं दुसरं, तिसरं येणार. ज्या दिवशी त्यातलं एखादं पिस्तूल कुठं सापडेल त्या दिवशी पोलीस माग काढत दुकानापर्यंत येतील. नाही घासावा, तर बनाबाई रस्त्यावर. चौकीत नेऊन द्यावं, तर तिथं आधी कुणाचं नाव लिहून घेतील? खाकी कपड्याचं दार आपण होऊन उघडायचं, हा विचारच त्याच्या डोक्यात नीट मावेना. तो रडला. मोठा बाप्या माणूस, भांड्यांच्या ढिगाआड बसून, तोंडात फडकं कोंबून रडला. गौहर शेजारी बसून राहिली.

त्याचं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली की यात घर जाणार आहे ते बनाबाईचं. तेव्हा ठरवणारे आपण कोण? जा आणि तिला विचार.

अजीज गल्लीबोळांतून दादांच्या वाड्याच्या मागल्या अंगाला गेला. डबा बरोबर घेतला, कारण तो गौहरपाशी ठेवायचं त्याचं धाडस झालं नाही. बनाबाई खोलीपुढं बाजरी पाखडत बसली होती. तिची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खाट, बाबासाहेबांचा फोटो आणि रंभाजीचा फोटो. अजीजनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डिंकापासून डब्यापर्यंत. दादांना कळलं होतं आणि ते गप्प बसले होते, एवढं तिला माहीत होतं. गप्प का बसले, ते तिला आज कळलं. तिनं सूप खाली ठेवलं. मान वर करून छपराचा पत्रा पाहिला. अजीजला वाटलं, आता ही म्हणणार, घास बाबा, एवढ्या बारीला घास. आणि ती तसं म्हणाली असती तर त्यानं घासलं असतं, हेही मी सांगून टाकतो.

बनाबाई उठली. दोन्ही फोटो भिंतीवरून काढून तिनं पिशवीत घातले, पायांत चपला सरकवल्या, आणि अजीजच्या हातातला डबा काढून घेतला. म्हणाली, "तुजे हात बग कसे कापत्यात. पाडशील कुटंतरी."

भर दुपारी दोघं पेठेतून चालत निघाली. बनाबाई पुढं, डबा पदराखाली. अजीज दोन पावलं मागं. ओळखीचा प्रत्येक माणूस आपल्याकडंच पाहतोय असं त्याला वाटत होतं. एकानं खरंच हाक मारली आणि विचारलं, भाकरी कुणाला चालवली? बनाबाई म्हणाली, लेकराला. अजीजचा एक पाय चौकीकडं आणि एक घराकडं, असं चाललं होतं. चौकीची पायरी आली तेव्हा तो थांबलाच. बनाबाईनं मागं वळून पाहिलं, पण 'चल' म्हणाली नाही. ती एकटीच आत गेली. मग मात्र बाहेर उभं राहायची त्याला जास्त भीती वाटली, आणि तो आत गेला.

आत टेबलाशी एकच हवालदार, वयस्क, चष्मा कपाळावर. बनाबाईनं डबा टेबलावर ठेवून खालचं पूड उघडलं. हवालदार खुर्ची मागं सारून उभाच राहिला. मग दोघांकडं आळीपाळीनं पाहत त्यानं विचारलं, काय भानगड आहे. अजीजनं सांगायला तोंड उघडलं, पण बोबडी वळली. 'साहेब, मी, मी' एवढंच बाहेर पडलं. हवालदाराची नजर त्याच्यावर खिळली, आणि अजीजनं ओळखलं, की आता आपलं काही खरं नाही.

"त्याला नगा इचारू, मी सांगते," बनाबाई म्हणाली. "पयलं दादांचं हुतं. ते म्या घासलं आन् यानं नीट केलं, त्यात गुन्हा असंल तर माजा. हे दुसरं. हे आमी घासलं न्हाई, म्हनून आनलंय."

हवालदारानं चष्मा डोळ्यांवर ओढला, दोघांना बाकावर बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि वरिष्ठांना फोन लावला. मोहट्याच्या देवळापाशी असलेल्या पोलिसांना पांढऱ्या शर्टाचं आणि साखळीचं वर्णन सांगितलं. मग कागद पुढं ओढून पहिल्यापासून सगळं विचारलं. टोपली कुणी सरकवली, गोळ्या कुणी काढल्या, डबा कुणी आणला, दादा काय काय बोलले. बनाबाई सांगत गेली. कल्याणदादांचं नाव तिच्या तोंडून पाच-सहा वेळा आलं, आणि प्रत्येक वेळी हवालदारानं पेन थांबवून विचारलं, हे लिहू का? ती म्हणायची, लिहा. अजीजला कळत होतं, की एकेका 'लिहा'सरशी तिच्या खोलीचा एकेक पत्रा उडतोय. तिलाही ते कळत होतं.

शेवटी हवालदारानं कागदाच्या वरच्या रिकाम्या जागा भरायला घेतल्या. बनाबाईनं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. वय सांगितलं, साठ असंल. धंदा सांगितला, घरकाम.

"राहणार?" हवालदारानं विचारलं.

इथं मात्र बनाबाई अडखळली. तिनं मांडीवरची फोटोंची पिशवी सारखी केली. "आजपतुर दादांच्या मागल्या खोलीत," ती म्हणाली. "सांजच्याला कुटं, ते अजून ठरलं न्हाई. तेवढं मोकळं ठेवा साहेब."

हवालदार पेन धरून थांबला. आणि चौकीत आल्यापासून ज्याच्या तोंडून धड एक वाक्य निघालं नव्हतं, तो अजीज बाकावरून उठला. त्यानं टेबलाची कड धरली.

"मोकळं ठेवू नका," तो म्हणाला. "माझ्या घरचा पत्ता लिहा. कल्हईवाल्याचं घर, पेठेच्या मागं, तिसगाव."

आवाज इतका चिरका निघाला, की हवालदारानं त्याला पुन्हा सांगायला लावलं. अजीजनं पुन्हा सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं आणि कागद बनाबाईच्या अंगठ्यासाठी पुढं सरकवला. ती म्हणाली, मला सही येते.